कांद्याच्या मुळाशी

(पाटण येथे एका विज्ञानशिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आषाढात पाटणला आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला मात्र उजेड लागायचा. लाकडी पेटीतून निघणारं ते एकच यंत्र होतं. त्याच्या खाली गोल आरसा, आणि तो खिडकीकडे वळवून उजेड धरायचा. आमचे विज्ञानाचे सर सांगायचे, आरसा सूर्यावर धरायचा नाही, डोळा जाईल; पांढऱ्या ढगावर धरायचा. पावसाळ्यात पांढरा ढग मिळायची मारामार. म्हणून सर स्लाइड तयार ठेवायचे आणि उघडीप पडली की कुठलाही तास चालू असो, वर्गाच्या दारात येऊन उभे राहायचे. आत शिकवणाऱ्या बाई समजून जायच्या. आम्ही पळत सुटायचो.

मी मोरणा खोऱ्यातली. शिक्षणासाठी पाटणला मामांकडे राहत होते. नववीत असताना अशाच एका उघडिपीत मी भिंगाला डोळा लावला. सरांनी विचारलं, ‘‘काय दिसतंय?’’ मी पुस्तक पाठ करून आले होते. म्हटलं, ‘‘मध्यावस्था, सर.’’

सर म्हणाले, ‘‘मध्यावस्था पुस्तकात असते. भिंगाखाली काय आहे ते सांग.’’

मी पुन्हा पाहिलं. ‘‘लालसर काड्या आहेत. मधोमध ओळीत आडव्या लागल्यात.’’

‘‘सगळ्या?’’

‘‘नाही सर. दोन बाहेर आहेत. एक वरती, एक डाव्या कोपऱ्यात.’’

‘‘मग ओळ अजून लागायची आहे. आता नाव सांगितलं नाहीस तरी चालेल.’’

पुढं चाळीसेक वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्या सगळ्या वर्षांत या चार वाक्यांपलीकडचं काही मी शिकवलं असं मला वाटत नाही. पेशीविभाजनाच्या अवस्थांची नावं पाठ असणं वेगळं आणि अवस्था ओळखता येणं वेगळं. आज मी त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे.

आधी कांद्याच्या मुळाची स्लाइड कशी होते ते सांगते, कारण मुलांना ती करता आली पाहिजे. कांदा बाजारातला चालतो, लोणंदचा असला तर उत्तमच. वाळलेली जुनी मुळं खरवडून काढायची आणि कांदा पाण्याच्या ग्लासवर असा बसवायचा की त्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान त्यांची टोकं कापायची. कापलेली टोकं लगेच तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकायची आणि दिवसभर ठेवायची. पेशी जिथं असेल तिथंच थबकते. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडं कोमट करायचं, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकटा सुटतो. नंतर रंग, ॲसिटोकार्मिन. त्यातलं कार्मिन निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून काढतात. रंगाचा एक थेंब, त्यात मुळाचं टोक. टोकाचा पुढचा दोन मिलिमीटरचा भाग तेवढा घ्यायचा, कारण पेशी तिथंच विभागतात. मागच्या भागातल्या पेशी नुसत्या लांब होतात. त्यावर पातळ आच्छादक काच, वर टीपकागद, आणि अंगठ्यानं सरळ खाली दाब द्यायचा. अंगठा जरा जरी सरकला तरी पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. सरांचा अंगठा कधी सरकला नाही. माझा अजूनही दहातून दोनदा सरकतो.

आता भिंगाखाली बघा. पुस्तकात चार-पाच गोल असतात, सारख्या आकाराचे, एकापुढं एक मांडलेले. मुलांना वाटतं, स्लाइडवरही तसेच मिळतील. प्रत्यक्षात चौकोनी पेशींचा गर्दीचा पट दिसतो, आणि त्यातल्या बहुतेक पेशींत एक गोल, दाणेदार केंद्रक असतं. बाकी काहीच घडताना दिसत नाही. ही आंतरावस्था. मुलं इथं कंटाळतात. पण जरा धीर धरला की एखाद्या केंद्रकाचा पोत बदललेला जाणवतो. दाण्यांच्या जागी लोकरीचा गुंडा दिसू लागतो. गुंड्यात धाग्याचा एखादा तुकडा सुटा ओळखता आला, की पूर्वावस्था सुरू झाली. आंतरावस्था आणि पूर्वावस्था यांच्यामध्ये रेघ मारता येत नाही. जाणकार माणसंही इथं अडतात, आणि अडणं हेच इथलं प्रामाणिक उत्तर आहे.

पुढचा प्रश्न केंद्रकाच्या कडेचा. गोल कड शाबूत आहे का? आतली केंद्रकी, तो गडद ठिपका, अजून दिसतोय का? कड गेली आणि काड्या, म्हणजे गुणसूत्रं, पेशीभर मोकळ्या सुटल्या, म्हणजे पूर्वावस्था संपली. काड्या मधल्या प्रतलावर येऊन थांबल्या की मध्यावस्था. आता गंमत अशी की मध्यावस्था बाजूनं पाहिली तर रेघ दिसते, आणि तीच टोकाकडून पाहिली तर फूल दिसतं: काड्यांच्या बाह्या चहूकडे पसरलेल्या, मध्ये मोकळी जागा. पुस्तकात रेघच काढलेली असते, म्हणून फूल दिसलं की मुलं त्याला पूर्वावस्था म्हणून मोकळी होतात. पण तिथं केंद्रकाची कड नसते. कडेकडे लक्ष दिलं असतं तर चूक झाली नसती.

पश्चावस्था ओळखायला सगळ्यात सोपी आणि सापडायला सगळ्यात अवघड, कारण ती झटकन उरकते. गुणसूत्रांच्या दोन तुकड्या विरुद्ध दिशांना निघालेल्या असतात. कांद्याची बहुतेक गुणसूत्रं मध्यावर धरून ओढली जातात. म्हणून ती वाकून इंग्रजी व्ही अक्षरासारखी होतात, टोक पुढं आणि दोन्ही बाह्या मागं फरफटत. दावं धरून ओढलेलं जनावर डोळ्यांसमोर आणा. कुठं धरून ओढलंय ते आकारावरूनच कळतं. मग अंत्यावस्था: दोन लहान गडद केंद्रकं आणि त्यांच्या मध्ये उभी राहू पाहणारी भिंत. इथं एक फसवणूक असते. शेजारशेजारच्या दोन साध्या पेशीही तशाच दिसू शकतात. त्यासाठी केंद्रकांचा आकार पाहावा. ती दोन्ही नेहमीपेक्षा लहान आणि एकमेकांसमोर असतील, मधली भिंत नाजूक असेल, तरच अंत्यावस्था.

आणखी एक. कांद्याच्या पेशीच्या आकृतीत मुलं दोन टोकांना तारककेंद्रं काढतात आणि त्यांच्याभोवती किरण काढतात. ती आकृती प्राण्याच्या पेशीची. कांद्याला तारककेंद्र नसतंच. प्राण्याची पेशी कडेकडून आत खाच पडत जाऊन तुटते. वनस्पतीची भिंत मधून सुरू होऊन कडेकडे सरकते. भिंगाखाली जे नाही ते वहीत आलं, म्हणजे ते पुस्तकातून आलं. सर अशा आकृतीवर लाल रेघ मारत नसत. शेजारी बारीक अक्षरात लिहीत, ‘पाहिलंस का?’

स्लाइडवरच्या सगळ्या पेशी मेलेल्या असतात. तिथं काहीही हलत नाही. मग एकीनंतर दुसरी अवस्था येते, हे कळलं कसं? सर त्यासाठी पाटणच्या एस. टी. स्टँडचं उदाहरण द्यायचे. स्टँडचा एकच फोटो काढला, तर त्यात बाकावर बसलेले पन्नास, बसमध्ये चढणारे सहा आणि पायरीवर पाय ठेवलेला एक दिसेल. गाडीची वाट पाहण्यात वेळ फार जातो आणि पायरीवर पाय क्षणभरच असतो, हे कुणी न सांगता त्या फोटोवरून कळतं. पेशींचंही तसंच. ज्या अवस्थेत पेशी जास्त सापडतात, त्या अवस्थेत वेळ जास्त जातो. कांद्याच्या मुळात बहुतेक पेशी आंतरावस्थेत असतात. विभागणाऱ्यांमध्ये पूर्वावस्थेतल्या जास्त आणि पश्चावस्थेतल्या मोजक्याच. म्हणून मोजायला लागलं की मेलेली स्लाइड घड्याळ होते.

हा क्रम पहिल्यांदा नीट लावला तो जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या वॉल्टर फ्लेमिंगनं. सॅलॅमँडर नावाच्या उभयचर प्राण्याच्या अळ्या त्यानं वापरल्या, कारण त्यांच्या पेशी मोठ्या आणि गुणसूत्रं ठळक. तेव्हा नव्यानं निघालेले कृत्रिम रंग लावून त्यानं धागे पाहिले, आणि जिवंत पेशीतही तेच धागे हलताना पाहून क्रम पडताळला. १८८२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. धाग्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यानं या विभाजनाला नाव दिलं. आपल्याकडं त्याचं ‘सूत्री विभाजन’ झालं, आणि मला ते मूळ नावापेक्षाही आवडतं, कारण सूत आपल्या हातातलं आहे. तर्कूचंही तसंच. तर्कू म्हणजे चरख्याची चाती, दोन्ही टोकांना निमुळती. गुणसूत्रांना ओढणाऱ्या तंतूंचा आकार तोच. हे शब्द घडवणाऱ्या माणसांनी भिंगात नक्की पाहिलं असणार. आपल्या जिल्ह्यात वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याच्या पानांत ‘कोशिका’ आणि ‘पेशी’ दोन्ही शब्द शेजारी नांदतात. वाद न घालता दोन्ही ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

आंतरावस्थेला पूर्वी विश्रांतीची अवस्था म्हणत. १९५३ मध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि दाखवलं की डीएनए याच काळात, ठरावीक वेळी दुप्पट होतो. बाकावर बसलेले पन्नासजण झोपलेले नव्हते, शिदोरी बांधत होते.

आता बांधावर येऊ. पावसाळ्यात आपल्या कुंपणांवर कळलावी चढते. लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या उलट्या पाकळ्यांची, पानाच्या टोकाला वळसा असलेली. कुणी तिला वाघनखी म्हणतं. तिचा कंद जबर विषारी आहे. मुलांनो, हात लावलात तर हात धुवा, तोंडात तर मुळीच घालू नका. त्या विषात कोल्चिसीन असतं. तर्कूचे तंतू ज्या प्रथिनाचे बनतात त्याला ते चिकटतं आणि तंतू जुळू देत नाही. गुणसूत्रं तयार होऊन उभी असतात, पण ओढणारं कुणी नसतं. पेशी मध्यावस्थेपाशीच अडते. ज्या अवस्थेतली गुणसूत्रं मोजायला सगळ्यात सोपी, त्याच अवस्थेत हजारो पेशी एकदम थांबलेल्या मिळतात. १९३७ च्या सुमारास अमेरिकेत ब्लेकस्ली यांनी कोल्चिसीन वापरून वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करून दाखवली, आणि पेशी पाहणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत ते पोचलं.

त्यातून जे घडलं ते मी दर वर्षी वर्गात सांगायचे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? १९२३ मध्ये थिऑफिलस पेंटर यांनी ४८ सांगितली. पेंटर कसलेले अभ्यासक होते, पण त्यांच्या स्लाइडवर गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली होती. पुढं तीसेक वर्षं जो तो ४८ मोजत राहिला. १९५२ मध्ये टी. सी. श्यू यांच्या प्रयोगशाळेत पेशी चुकून पातळ द्रावणात धुतल्या गेल्या. पेशी फुगल्या, गुणसूत्रं सुटी झाली, आणि चुकीतून पद्धत मिळाली. मग स्वीडनमधल्या लुंड इथं जो हिन तिजो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी कोल्चिसीन आणि हे पातळ द्रावण दोन्ही वापरून मोजलं. १९५६ मध्ये त्यांनी छापलं: ४६. तीस वर्षं माणसं भिंगात पाहत होती आणि पुस्तकातला आकडा वाचत होती. नववीत मीही तेच केलं होतं.

अशी मोजणी आपल्याकडंही होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पतींवर आयुष्यं घातली. आपल्या डोंगरांवरच्या कंदीलपुष्पांची गुणसूत्रं अशाच मुळांच्या टोकांतून मोजली जातात, बहुतेकांत ती २२ निघतात. सड्यावर दिसणाऱ्या दोन रोपांची जात एक की वेगळी, या प्रश्नात अशा मोजणीचीही साक्ष काढतात.

पण आज ज्यांच्याविषयी मला मनापासून सांगायचंय त्या कमलताई रणदिवे. पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ ला जन्मल्या, माहेरच्या समर्थ. वडील दिनकरराव फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. हुजूरपागा, फर्ग्युसन, आणि मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी. त्यांचा विषय कोणता? सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींचं पेशी-आनुवंशशास्त्र. सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा या कुळातले. १९४३ साली एक विवाहित तरुणी सीताफळाची गुणसूत्रं मोजत बसली होती. ती इवलीशी असतात, अवघी १४. त्या कामात ओळखण्याची जी सवय लागली, ती पुढं कुठं गेली पाहा. मुंबईला डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी कर्करोगावर काम केलं, १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतून १९५१ मध्ये तिला न विचारता घेतलेल्या पेशी जिथं अखंड वाढत राहिल्या, ती हीच प्रयोगशाळा. त्या पेशींत ४६ नव्हे, ७६ ते ८० गुणसूत्रं असतात. कमलताई परत आल्या आणि मुंबईत ऊतिसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी आणि संप्रेरकांशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवर तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. १९७३ मध्ये इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशनच्या स्थापनेत त्या होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. २००१ मध्ये त्या गेल्या. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा रस्ता मला अजिबात लांबचा वाटत नाही. दोन्हीकडे पेशी विभागते आहे की नाही, आणि नीट विभागते आहे का, हेच पाहायचं असतं.

हे मला घरातच पाहायला मिळालं. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या छातीतली गाठ काढली. रिपोर्टमध्ये एक ओळ होती: दहा क्षेत्रांत विभागणाऱ्या पेशी इतक्या. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंना मी विनंती केली, मला दाखवाल का? त्यांनी जागा दिली. गुलाबी-जांभळ्या पेशींमध्ये एक गडद ठिपका दिसला. मी म्हटलं, ‘‘ही एक.’’ त्या म्हणाल्या, ‘‘नाही. कडा बघा, गुळगुळीत आहेत आणि केंद्रक आकसलंय. ही पेशी मरते आहे. विभागणारीची कड केसाळ असते.’’ मग त्यांनी काच सरकवली आणि खरी मध्यावस्था दाखवली, कडेला बारीक केस आल्यासारखी. पूर्वावस्था त्या मोजतच नाहीत, कारण ती खात्रीनं ओळखता येत नाही. गाठीची श्रेणी तीन गोष्टींवर ठरते: नलिका किती बनतात, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, आणि विभागणाऱ्या पेशी किती. मरणारी पेशी विभागणारी म्हणून मोजली तर आकडा फुगतो, आणि त्या आकड्यावर एका बाईचं औषध ठरतं. कर्करोगाच्या औषधांत सदाफुलीपासून काढलेली दोन औषधंही आहेत, विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन. तीही तर्कूलाच धरतात. बांधावरची कळलावी आणि अंगणातली सदाफुली, दोघी पेशीला एकाच ठिकाणी अडवतात.

परतताना जाऊबाईंनी विचारलं, ‘‘काय दिसलं गं?’’ मी त्यांना दिसलं तसंच सांगितलं. नावं सांगितली नाहीत.

मुलांनो, मागच्या टेबलावर चार सूक्ष्मदर्शक ठेवलेत. दिवे आहेत, ढगाची वाट पाहायला नको. परवा सकाळी साडेआठला कापलेल्या मुळांच्या स्लाइड आहेत. शेजारी वही ठेवली आहे. तिच्यात अवस्थेचं नाव लिहू नका. दिसेल ते लिहा, जमेल तसं चित्र काढा. चौथ्या सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी आहे, तिच्यापाशी जरा थांबा. काल रात्री तासभर मी ती पाहत होते. कांद्याची गुणसूत्रं १६. विभागताना दोन्ही टोकांना सोळा-सोळा जायला हवीत. इथं एका टोकाला मी पंधरा मोजली, दुसऱ्या टोकाला सोळा, आणि एक अजून मध्येच आहे. हिशेबानं ते पंधराच्या बाजूला जायला हवं. मला मात्र त्याचं टोक सोळाच्या बाजूला वळलेलं दिसतं. तुम्ही बघा, आणि तुम्हाला कुठं वळलेलं दिसतं ते वहीत लिहा.